जुना सागवानी डोंगा आणि तुटकी जाळी : काय वाचवायचं, काय सोडायचं

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका भावानं विचारलं आहे: "वडिलांचा पंधरा फुटी सागवानी फळ्यांचा डोंगा तीन उन्हाळे तलावाच्या पारीवर (बांधावर) पडून आहे. पाण्यात घातला की अर्ध्या तासात घोट्यापर्यंत पाणी चढतं. गावातला कारागीर म्हणतो, वरून फायबरचा थर चढवा, कायमचं काम होईल. जाळी बोरीत भरून ठेवली होती, ती आता हातानं ओढली तरी तुटतात. दुरुस्त करू, की विकून पत्र्याचा नाहीतर फायबरचा डोंगा घेऊ?"

भाऊ, फायबर चढवू नका आणि डोंगा विकूही नका. जाळ्यांचं मात्र वेगळं आहे, त्यावर पुढं बोलतो.

तुमच्या डोंग्याला पाण्यानं काही केलेलं नाही. त्याला पारीवरच्या उन्हानं उकललं आहे. आपल्या भागातले मामा (माजी मालगुजारी) तलाव गाळानं भरत चालले. मालगुजारी 1950 च्या कायद्यानं गेली, तलाव सरकारकडं आले आणि गाळ काढायची जी गावची रीत होती ती मोडत गेली. उथळ तलाव लवकर आटतो. पूर्वी जो डोंगा जवळजवळ वर्षभर ओला राहायचा तो आता चैत्रापासून पाऊस लागेपर्यंत कोरडा पडून राहतो. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात फळी आकसते, सांधे उघडतात, खिळ्याभोवतीचं लाकूड सैल होतं. म्हणून आजच्या दिवसांत डोंग्याची निगा म्हणजे मुख्यतः तो कोरडा असतानाची निगा. पाण्यात असताना त्याला फारसं काही लागत नाही.

लाकूड कुजतं कसं, हे नीट समजलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं. कुजवणारी बुरशी असते. तिला ओलही लागते आणि हवाही. पूर्ण बुडालेल्या लाकडाला हवा मिळत नाही म्हणून ते टिकतं. पूर्ण वाळलेलं लाकूडही टिकतं, ओल वीस टक्क्यांच्या खाली गेली की बुरशीचं काही चालत नाही. मरतो तो मधला भाग: पाण्याच्या रेषेवरचा पट्टा, आत साचलेल्या चिखलाखालची फळी, दोन लाकडं एकमेकांना चिकटतात ती जागा, आणि जमिनीला टेकलेली कड. जुन्या लोकांनी डोंगा दगड घालून पाण्यात बुडवून ठेवायची पद्धत पाडली ती याचसाठी. तलावात मे महिन्यातही कमरेएवढं पाणी राहणारा डोह असेल तर आजही याहून चांगला उपाय नाही. दोर मात्र मजबूत बांधा आणि जागेवर खूण ठेवा, म्हणजे दुसऱ्याचं जाळं त्यात अडकणार नाही.

आता तुमच्या डोंग्याचं काम. पहिल्यांदा तो सावलीत आणा. आंबा, जांभूळ, गोठ्याची पडवी, काहीही चालेल. खाली दोन आडवे ओंडके किंवा दगड देऊन जमिनीपासून वीतभर उचला, नाहीतर वाळवी खालून शिरेल आणि वरून कळणारही नाही. आतला सगळा गाळ, शिंगाड्याच्या वेली, माशांचे खवले खरवडून काढा. मग अणकुचीदार टोच्या घेऊन पूर्ण डोंगा तपासा. चांगल्या सागात टोक जेमतेम शिरतं आणि परत ओढताना अडकतं. सडलेल्या जागी ते सहज आत जातं. आतल्या बाकदार आडव्या लाकडांच्या खालच्या बाजूला आणि दोन्ही टोकांच्या कोपऱ्यांत जास्त वेळ घाला, कारण सड तिथूनच सुरू होते. वरून रंग शाबूत दिसतो आणि आत भुसा झालेला असतो.

गळती शोधायला डोंगा पाण्यात घालायची गरज नाही. ओंडक्यांवर ठेवलेल्या डोंग्यात चार बोटं पाणी ओता आणि खाली वाकून पाहा. जिथं थेंब दिसेल तिथं कोळशानं खूण करा. चार बोटांपेक्षा जास्त भरू नका. डोंग्याची बांधणी बाहेरून दाबणाऱ्या पाण्यासाठी असते. आतून भरलेल्या पाण्याचं वजन दोन ओंडक्यांवर पडलं तर सांधे आणखी फाकतील.

खिळ्यांपाशी थांबा. लोखंडी खिळा गंजला की त्याच्याभोवतीचं लाकूड काळं आणि मऊ पडतं. त्याच भोकात जाड खिळा ठोकायचा मोह होतो, पण जाड खिळ्यालाही धरायला तिथं लाकूड उरलेलं नसतं, उलट फळी चिरते. खिळा काढा, काळं लाकूड कोरा, राळेत बुडवलेली सागाची खुंटी ठोकून भोक बंद करा आणि नवा खिळा दोन बोटं बाजूला, आधी बारीक भोक पाडून मारा. जस्त चढवलेला खिळा घ्या. थोडा महाग पडतो, पण यात पैसे वाचवू नका.

सांधे भरणं हे खरं कसबाचं काम आहे, आणि इथंच बहुतेक जण डोंग्याचं नुकसान करतात. भर वैशाखात फळ्या सगळ्यात जास्त आकसलेल्या असतात. त्या वेळी फट मोठी दिसते म्हणून माणूस ठासून सूत भरतो. पाण्यात गेल्यावर फळी फुगते, तिला जागा मिळत नाही, मग ती खिळे उपटते नाहीतर आतलं आडवं लाकूड मोडते. म्हणून हे काम होळीनंतर, उन्हं कडक व्हायच्या आत करावं. उशीर झालाच असेल तर भरण सैल ठेवा, फट थोडी दिसत राहिली तरी चालेल. आधी जुनं भरण वाकड्या हुकानं पूर्ण काढा. कापसाची वळलेली वात किंवा सुटी केलेली सुतळी जवसाच्या तेलात भिजवून पिळून घ्या आणि बोथट पटाशीनं, हलक्या लाकडी हातोड्यानं बसवा. फळीच्या पृष्ठभागापासून थोडी आत बसली पाहिजे. वरच्या खाचेत राळ.

राळ शिजवायचं प्रमाण मी किलोत सांगणार नाही, कारण बाजारातली राळ प्रत्येक वेळी सारखी नसते. राळ मंद आचेवर वितळवा, तेल थोडं थोडं घाला आणि थेंब गार पाण्यात टाकून पाहा. बोटांनी वाकवल्यावर तडकन तुटला तर तेल कमी आहे. बोटाला चिकटून तार आली तर राळ कमी आहे. वाकतो पण तुटत नाही, अशी गोळी झाली की उतरवा. हे काम अंगणात, गवत-तणसापासून लांब करा. भांड्याला बसणारं झाकण हाताशी ठेवा. राळेनं पेट घेतला तर झाकण टाकायचं. पाणी टाकलं तर जळतं तेल उडून अंगावर येतं.

तेलाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण यावर मला फार कळकळ आहे. लाकडाला लावायचं तेल वाळणारं हवं. जवसाचं तेल हवा लागून वाळतं आणि लाकडाच्या छिद्रांत घट्ट बसतं. आपल्याकडं धानाच्या बांधीत धान निघाल्यावर जवस घेतात, घाण्याचं तेल मिळतं, बाहेरून काही आणायला नको. एका वेळी पातळ हात द्यायचा, अर्ध्या तासानं वर राहिलेलं तेल फडक्यानं पुसून घ्यायचं आणि बोटाला चिकटणं थांबल्यावरच दुसरा हात. कच्च्या तेलाला दोनतीन दिवस सहज लागतात, जास्तही लागतील. घाईनं जाड थर दिला तर वरून साय धरते आणि आत वर्षभर चिकट राहतं. मोहाच्या टोळीचं (बियांचं) तेल पुष्कळ जण लावतात. ते वाळत नाही, धूळ धरून बसतं. करंजाचं तेलही वाळत नाही, पण किडीला नको असतं, म्हणून वाळवीच्या जागेवर ओंडक्यांना लावा, डोंग्याला नको.

आणि ट्रॅक्टरचं जळकं ऑईल लावू नका. ते फुकट मिळतं म्हणून सगळीकडं लावतात. ते वाळत नाही, पाण्यावर तवंग होऊन पसरतं, त्यात इंजिनातल्या झिजलेल्या धातूंचे कण असतात, आणि तेच पाणी आपली जनावरं पितात. माशाला त्याचा वास लागतो. ज्या तलावावर आपलं पोट आहे त्यात हे का सोडायचं?

जवसाच्या तेलाचा एक धोका गावात फार थोड्यांना माहीत असतो. तेलानं भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेटू शकतात. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळ्यात ती कोंडते. काम झालं की फडकी बाहेर एकेक पसरून वाळवा, किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा. तणसाच्या ढिगाजवळ तर मुळीच नको.

आता तुमच्या कारागिराच्या फायबरबद्दल. फळ्यांचा डोंगा जिवंत असतो, ओला झाला की फुगतो, वाळला की आकसतो. फायबरचा थर हलत नाही. एकदोन हंगामांत थर सुटतो, मध्ये पाणी शिरतं आणि बाहेर पडत नाही, म्हणजे वर सांगितलेली ओल आणि हवा दोन्ही एकत्र कोंडतात. त्यात सागाच्या अंगातच तेल असतं, त्याला रेझिन (फायबरचा चिकट रस) नीट धरत नाही. वरून तेल पाजलेला जुना साग तर अजिबात नाही. डांबर लावून वर पत्र्याचा तुकडा ठोकतात त्याचंही असंच होतं. ऐन हंगामात फळी फुटली तर पत्रा ठोकून तो हंगाम काढा, त्यात काही वाईट नाही, पण पाणी उतरल्यावर तो काढून खालची फळी बदला.

काम पूर्ण झालेला डोंगा थेट मासेमारीला नेऊ नका. काठाजवळ गुडघाभर पाण्यात दगड घालून बुडवा आणि दोनतीन दिवस राहू द्या. पहिल्या दिवशी तो चाळणीसारखा गळेल, तेव्हा घाबरून आणखी सूत ठोकू नका. फळ्या फुगल्यावर उपसून काढा आणि मग जी गळती उरेल तीच खरी.

पत्र्याचा की फायबरचा, हे विचारलंत म्हणून थोडक्यात. लहान बोडीसाठी, म्हणजे शेतातल्या छोट्या तलावासाठी, पत्र्याचा डोंगा हलका पडतो, एकटा माणूस उचलतो. पण जस्ताचा थर खरचटला की तिथून गंज धरतो, आणि बहुतेक वेळा तो आतून, साचलेल्या चिखलाखालून सुरू होतो. रोज पाणी मारून उपडा करणं एवढीच त्याची निगा. नव्या कोऱ्या जस्ती पत्र्यावर साधा ऑईल पेंट देऊ नका, तो पापुद्र्यांनी सुटतो. जस्तासाठीचा वेगळा प्रायमर मिळतो, तो आधी लावा. पितळेचे किंवा तांब्याचे रिबेट जस्ती पत्र्यात नकोत, त्यांच्याभोवतीचा पत्रा लवकर गंजून खाल्ला जातो.

फायबरचा डोंगा इटियाडोह किंवा गोसेखुर्दसारख्या धरणांच्या मोठ्या पाण्यावर चांगला. तिथं बुडीत क्षेत्रात पाण्याखाली वाळकी खोडं उभी असतात, ती तळाला ओरखडे काढतात. ओरखडा वरच्या रंगीत थरापुरता असेल तर घाई नाही. आतले काचेचे तंतू दिसायला लागले तर मात्र पाणी आत मुरतं. डोंगा पूर्ण वाळू द्या, जागा खरखरीत कागदानं घासा, भोकाच्या चारी बाजूंनी निदान दोन इंच जास्त जागा घ्या आणि मॅटचे (काचतंतूंच्या कापडाचे) तुकडे लहान-मोठे करत रेझिनचे थर द्या. रेझिनमध्ये हार्डनर (ते घट्ट करणारं रसायन) साधारण एक ते दोन टक्के लागतं. आपल्या उन्हाळ्यात एक टक्क्याच्या आसपास ठेवा आणि काम पहाटे करा, नाहीतर ब्रश फिरवायच्या आत रेझिनचा मगातच दगड होतो. ॲक्सिलरेटर (घट्ट होणं लवकर करवणारं रसायन) वेगळं मिळालं असेल तर ते हार्डनरमध्ये थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. आधी रेझिनमध्ये ॲक्सिलरेटर ढवळायचं, मग हार्डनर.

आता जाळी. तुमची जाळी बोरीत कुजलेली नाहीत. कुजायचं ते जुनं सुती जाळं, म्हणून त्याला बाभळीच्या नाहीतर ऐनाच्या सालीचा काढा पाजायचे. नायलॉन कुजत नाही, ते उन्हानं ठिसूळ होतं. बोरीत जाण्याआधी ती बरीच वर्षं पारीवर, कुंपणावर वाळत पडली असणार, आणि बारीक तंगूस (नायलॉनचा एकेरी गुळगुळीत धागा) तर सगळ्यात आधी जातो. परीक्षा सोपी आहे. जाळ्यातला एक धागा घ्या, त्याला गाठ मारा आणि झटका द्या. तसाच नव्या धाग्याला द्या. फरक हाताला लगेच कळतो. चार वेगवेगळ्या जागी धागा सहज तुटला तर त्या जाळ्यावर सुई चालवू नका. एक भोक शिवाल, ओढताना शेजारी दुसरं पडेल. जाळं कापून टाका, पण वरचा-खालचा दोर, बूच आणि शिसं सोडवून घ्या. जाळ्याच्या किमतीतला बराच भाग त्यातच असतो. नवं जाळं त्याच दोरावर बांधता येतं: उभ्या जाळ्यासाठी ताणून मोजलेलं शंभर मीटर जाळं साधारण पन्नास मीटर दोरावर बसवा, म्हणजे आस (जाळ्याचं एकेक घर) चौकट उघडी राहते. ताणून बांधलं तर आस मिटते आणि मासा आदळून परत फिरतो.

जे जाळं धाग्यानं चांगलं आहे पण फाटलं आहे ते जरूर शिवा. भोक दिसलं की लगेच सुई घालू नका, आधी भोक नीट कापून घ्या. शाबूत गाठीला चार धागे असतात. वरच्या एका गाठीला तीन धागे ठेवा, तिथून काम सुरू होतं. खालच्या एका गाठीला तीन ठेवा, तिथं संपतं. मधल्या प्रत्येक गाठीला दोनच. एवढं केलं की सुई आपली वाट आपण काढते, शेवटी आस कमी-जास्त उरत नाही. बांबूची पट्टी ताणलेल्या आसाच्या निम्म्या रुंदीची घ्या. धागा मूळ जाळ्याइतकाच जाड. जाड धाग्यानं शिवलं की शेजारचे धागे कापले जातात. तंगूस गुळगुळीत असतो, एकेरी गाठ सरकते, म्हणून दुहेरी वेढा द्या आणि गाठ आवळण्याआधी ओली करा. शिशाचे मणी दातांनी दाबायची सवय कोणाला असेल तर ती आजच सोडा, शिसं विषारी आहे. पक्कड वापरा आणि जेवायच्या आधी हात धुवा.

नवं जाळं घेताना बारीक आसाचा तंगूस घेऊ नका. त्यात बोटाएवढी रोहू-कटल्याची पिल्लं आणि आपली गावठी मासळी सगळी अडकते, आणि पुढच्या वर्षी तलावात काही उरत नाही. जाळं कितीही जपलं आणि तलावात मासाच नसला तर काय उपयोग? पाऊस लागल्यावर मासा अंड्यावर येऊन सलंगाच्या (तलावाच्या सांडव्याच्या) धारेवर चढतो, तेव्हाही जाळं घरात ठेवा. तोच काळ शिवण्याचा आहे.

रोजची निगा अशी: घरी आल्यावर जाळं साध्या पाण्यात खळबळून धुवायचं, माशाचा चिकटा आणि शेवाळ काढायचं, शिंगाड्याचे काटे वेचायचे आणि सावलीत, वारा लागेल असं बांबूवर टांगून वाळवायचं. वाळल्यावरही टांगूनच ठेवा. न धुतलेल्या जाळ्याचा वास उंदराला बोलावतो, आणि उंदीर एका रात्रीत जितकं कुरतडतो तितकं खोडात अडकूनही फाटत नाही. फवारणीची औषधं आणि बॅटरीचं पाणी त्या खोलीत नको. ॲसिडनं नायलॉन विरघळल्यासारखं होतं. थर्माकोलचे बूच चुरा होऊन पाण्यात सांडतात, त्याऐवजी जुन्या रबरी चपलेचे तुकडे कापून लावा. आणि कापलेल्या तंगूसचा एकही तुकडा काठावर टाकू नका. तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. गोंदिया जिल्ह्यात सारस उरले आहेत ते याच तलावांवर आणि धानाच्या बांध्यांत चरतात. कासवांच्या आणि पाखरांच्या पायात ती गुंडाळी अडकली की सुटत नाही.

गळांना फार काही लागत नाही. धुवा, पुसा, खोबरेल तेलाचं बोट फिरवा आणि रबराच्या पट्टीत टोचून ठेवा. बोथट झाला तर कानशीनं धार करा, गंजून बारीक झाला तर फेका.

शेवटचं काम जिवाचं आहे, ते दुरुस्तीतच धरा. लाकडी डोंगा पाण्यानं भरला तरी सहसा बुडत नाही, त्याला धरून राहता येतं. पत्र्याचा भरला की सरळ तळाला जातो. कोणताही डोंगा असो, दोन्ही टोकांच्या फळीखाली रिकाम्या, घट्ट झाकणाच्या कॅन बांधा. वीस लिटरची कॅन साधारण वीस किलो वजन तोलून धरते. अंगावर जीवरक्षक जॅकेट हवंच. जाळ्याचा दोर मनगटाला गुंडाळायचा नाही. दगडाचा नांगर टाकायचा तो नेहमी पुढच्या टोकाकडून. मागून किंवा बाजूनं टाकला तर वाऱ्यात लाटा थेट आत येतात. मे-जूनमध्ये दुपारनंतर वावधन (वादळ) उठतं आणि विजा पडतात, आभाळ गुरगुरलं की जाळं तसंच सोडून काठाला या. कॅनच्या झाकणाखाली जुन्या ट्यूबचा वायसर कापून बसवा आणि बांधण्याआधी कॅन दगडाखाली दाबून एक रात्र पाण्यात ठेवा. सकाळी आत ओल दिसली तर झाकण बदला आणि पुन्हा ठेवून पाहा.